मुलांना भावना कळतात कधी, आणि लपवता येतात कधी?

वाकडी_वेलांटी

मुलांच्या खाण्यावर, अभ्यासावर, दात कधी येतात यावर इथे भरपूर लिहून झालंय. मुलांना स्वतःचा राग, लाज, हेवा कळायला कधी लागतो, यावर मात्र जे सापडतं ते बहुतेक 'मुलांशी प्रेमाने बोला' छापाचं. मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. वर्गात हा भाग घाईघाईत उरकावा लागतो, त्याचा राग इथे काढतेय. लांबलचक झालंय, चहा घेऊन बसा.

सुरुवात डार्विनपासून करू. हो, तोच उत्क्रांतीवाला. थोरल्या मुलाच्या बाळपणाची त्याने बारीक टिपणं ठेवली होती आणि त्यावरून 1877 मध्ये एक लेख लिहिला. त्यात एक नोंद आहे: दाईने रडल्याचं सोंग केलं तेव्हा बाळाचं तोंड उतरलं, ओठांचे कोपरे खाली वळले. वय सहा महिने अकरा दिवस. (अकरा दिवस! आपल्याकडे किती बापांना पोराची इयत्ता नीट सांगता येते?)

आता त्या बाळाला दाईचं दुःख कळलं का? मला वाटतं, नाही. नवजात बाळांच्या खोलीत एक रडलं की दुसरं सुरू होतं. तिथे भावना पसरते, कळत नाही. माझ्यात काहीतरी होतंय आणि ते माझं आहे, हे कळायला बराच अवकाश असतो.

वर्षाच्या आसपास मूल आपल्या, म्हणजे मोठ्यांच्या, चेहऱ्याचा वापर सुरू करतं. 1985 मध्ये अमेरिकेत झालेला प्रयोग मला फार आवडतो. जाड काचेचं टेबल, अर्ध्या भागात काचेखाली खोलगट दिसेल अशी रचना. तो भाग मुद्दाम इतकाच खोल ठेवलेला की घाबरावं की नाही हेच बाळाला ठरवता येऊ नये. पलीकडे आई. आईने हसरा चेहरा केला तेव्हा 19 पैकी 14 बाळं रांगत काच ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा 17 पैकी एकही गेलं नाही. घरी हे रोज दिसतं. मूल धपकन पडतं, क्षणभर आपल्याकडे बघतं, आणि मग रडायचं की नाही ते ठरवतं.

दीड वर्षाला दोन गोष्टी होतात. नाकाला नकळत लाल ठिपका लावून आरशासमोर उभं केलं तर मूल आता आरशाला नाही, स्वतःच्या नाकाला हात लावतं. स्वतःकडे बाहेरून बघता येऊ लागलं की लाजही येते. त्याआधीचं मूल बिनधास्त नागडं फिरतं, कारण लाजायला लागणारा 'मी' अजून तयार नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्याची आवड वेगळी असू शकते हे कळणं. 1997 च्या एका प्रयोगात बाईंनी मुलांसमोर ब्रोकोली मिटक्या मारत खाल्ली, छोट्या खारट बिस्किटांना तोंड वाकडं केलं आणि मग हात पुढे करून म्हणाल्या, मला दे. चौदा महिन्यांच्या मुलांनी त्यांना बिस्किटं दिली, कारण स्वतःला तीच आवडतात. अठरा महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. चार महिन्यांचा फरक!

मग चार वर्षं. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी, अगदी चुकीचीसुद्धा समजूत असू शकते हे साधारण या वयात पक्कं होतं. म्हणूनच खोटं बोलणंही याच सुमाराला जमायला लागतं. इथे थोडं थांबते, कारण सोसायटीच्या बागेतली निम्मी भांडणं याच वयावरून होतात. चार वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगा: एका मुलाने दुसऱ्याच्या खिशातून चॉकलेट चोरलं. विचारा, चोरणाऱ्याला आता कसं वाटत असेल? बहुतेक मुलं सांगतात, छान वाटत असेल, चॉकलेट मिळालं ना! चोरी वाईट हे त्यांना माहीत असतं, विचारलं तर सांगतात. पण चूक केल्यावर आतून टोचतं, हे गणित अजून जुळलेलं नसतं. आठ वर्षांची मुलं मात्र बहुतेक 'वाईट वाटेल' असं म्हणतात. जर्मनीतल्या संशोधकांचं हे 1988 चं काम आहे आणि नंतर अनेक ठिकाणी तेच दिसलंय. मग बागेत तीन वर्षांच्या पोराचा दंड धरून 'सॉरी म्हण, मनापासून म्हण' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय मागत असतो?

एकाच वेळी दोन उलट भावना असू शकतात (मामाकडून परत निघताना घरी जायचा आनंद आणि रडू, दोन्ही) हे शब्दात सांगता यायला आठ-दहा वर्षं उजाडतात.

आता माझा खरा मुद्दा. 1994 मध्ये भारतातल्या आणि इंग्लंडमधल्या मुलांची तुलना करणारा एक अभ्यास झाला. गोष्टीतल्या मुलीला आतून एक वाटतंय पण चेहऱ्यावर ती दुसरंच दाखवतेय, हा फरक चार वर्षांच्या भारतीय मुलींना त्याच वयाच्या इंग्लिश मुलींपेक्षा जास्त चांगला कळत होता. वाचून आधी अभिमान वाटतो. नंतर मनात येतं, हे त्या कुठे शिकल्या? त्याच्या शेजारी 1986 चा अमेरिकेतला एक प्रयोग ठेवा. तीन-चार वर्षांच्या मुलींना नावडती भेटवस्तू दिली. देणाऱ्या बाई समोर असताना मुली हसल्या, एकट्या असताना चेहरा पडला. पण आपण काही लपवलं हे त्यांचं त्यांना सांगता येत नव्हतं. म्हणजे झाकणं आधी येतं, कळणं मागाहून.

माझं म्हणणं असं की आपल्या घरांत हे अंतर जरा जास्तच असतं. पाहुण्यांसमोर तोंड पाडायचं नाही, आजोबांनी दिलेलं आवडलं नाही तरी नमस्कार करून घ्यायचं, ताईपण आलं की हट्ट सोडायचा. मूल हे झटपट शिकतं आणि आपण त्याला 'किती समजूतदार' म्हणतो. हा निष्कर्ष माझा आहे, त्या प्रयोगांचा नाही. तुमच्या घरातलं काय दिसतं ते लिहा.

तिरकस_तात्या

लेख वाचला. आम्ही पाच भावंडं. कोणी कधी विचारलं नाही 'बाळा, तुला आत काय वाटतंय?' आत काय वाटतंय हे वडिलांच्या चपलेचा आवाज ऐकून कळायचं. पाचही जण धड आहेत, बँकेची कर्जं फेडतायत. हल्लीची पोरं तीन वर्षांची असताना म्हणतात 'मला स्पेस हवी'. कोणाला हवी असेल तर आमच्या गच्चीवर भरपूर आहे.

दादरची_आजी

तात्या, तुमच्या पाच भावंडांपैकी किती जण वडिलांशी धड बोलत होते तेही लिहा.

वेलांटी, लेख फार आवडला, पण सॉरीच्या बाबतीत मी तुझ्या विरुद्ध आहे गं. मी मुलगी आणि दोन नातवंडं वाढवली. हात आधी जोडायला शिकवतो, भक्ती मागून येते किंवा येत नाही. देवापुढे दोन वर्षांच्या पोराला कुठे भाव कळतो? म्हणून 'जयबाप्पा' शिकवायचं थांबवतो का? सॉरीचं तसंच. तोंडाला वळण असलं की पुढे मनाला जागा सापडते. 'मनापासून म्हण' हे मात्र मी कधी म्हटलं नाही, ते तुझं पटलं. मन काय दंड धरून बाहेर काढायची वस्तू आहे?

दुसरं म्हणजे, पाहुण्यांसमोर सावरून घेणं हे मला लपवणं वाटत नाही. आमच्या दोन खोल्यांत नऊ माणसं होती. प्रत्येकाने आपापला राग मांडला असता तर स्वयंपाक कधी झाला असता?

बालवैद्य

माझ्या दवाखान्यातलं सांगतो. जून-जुलैत शाळा सुरू झाल्या की एक ठरावीक तक्रार येते: सकाळी पोट दुखतं. बेंबीभोवती. रविवारी दुखत नाही. मे महिन्यात अजिबात नाही. तपासणीत काही सापडत नाही. घरचे मुलासमोरच म्हणतात, 'नाटक करतोय हो डॉक्टर.'

नाटक नसतं. आतडी आणि मेंदू यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते. भीती, ताण यांनी आतड्यांची हालचाल बदलते आणि दुखणं खरंच होतं. सहा वर्षांच्या मुलाला 'नव्या बाईंची धास्ती वाटते' असं म्हणता येत नाही, कारण त्याला जाणवते ती धास्ती नसते, पोट असतं. मी विचारतो, 'वर्गात जाताना पोट जास्त दुखतं की डबा खाताना?' मग हळूहळू गोष्ट बाहेर येते.

मात्र इथले वाचून कोणी प्रत्येक पोटदुखीला भावना समजू नका. रात्री झोपेतून उठवणारी कळ, वजन कमी होणं, पुन्हा पुन्हा उलट्या, शौचातून रक्त, ताप, बेंबीपासून लांब एकाच जागी दुखणं यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर.

वाकडी_वेलांटी

डॉक्टर, तुम्ही अगदी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत. गुजरातमधल्या 5-6 आणि 8-9 वर्षांच्या मुलांशी बोलून केलेला एक अभ्यास 2007 मध्ये आला. विचारलं होतं की राग आला, वाईट वाटलं किंवा शरीराला दुखलं तर तुम्ही ते दाखवता की आवरता, आणि का. मुलांनी सांगितलं की राग आणि दुःख आम्ही जास्त आवरतो, शरीराचं दुखणं त्या मानाने दाखवतो.

विचार करा, घरात यातल्या कशाला काय मिळतं? रागाला 'उलट बोलतोस?' दुःखाला 'एवढ्यात काय रडायचं?' आणि पोटदुखीला ओवा, हिंग, आईची मांडी, शाळेला सुट्टी. मुलं हिशेबाला पक्की असतात. ठरवून नव्हे, पण शरीरालाही समजतं की कुठलं दार उघडतं.

आजी, वळणाचं पटतंय आणि पटतही नाहीये. हात जोडून झाल्यावर कोणी त्या मुलाला 'तुला भक्ती वाटतेच आहे' असं सांगत नाही. सॉरीच्या वेळी मात्र आपण त्याला जे वाटत नाही ते वाटतंय असं सांगतो. 'तू ढकललंस, तो पडला, बघ त्याचा गुडघा' एवढं दाखवलं तरी मला पुरे आहे. राग मांडला असता तर स्वयंपाक झाला नसता हे खरं. पण तो स्वयंपाक करणाऱ्या बाईचा राग गेला कुठे, हा धागा मी दुसरीकडे काढेन.

दादरची_आजी

काढ. मी येते तिथे, भरपूर साठा आहे.

रारीटन_काठी

आम्ही न्यू जर्सीत. इथे उलटी तऱ्हा. धाकटीच्या डेकेअरमध्ये दारातच तक्ता आहे, आठ-दहा चेहरे. सकाळी आल्यावर आज कसं वाटतंय त्या चेहऱ्यावर चिमटा लावायचा. सुरुवातीला मी भारावले होते. आता बघते तर चार वर्षांची धाकटी रोज 'एक्सायटेड'वर चिमटा लावते, कारण तो चेहरा पिवळा आहे. भावाला चावल्यावर मला सांगते, 'आय वॉज फ्रस्ट्रेटेड.' झालं, नाव सांगितलं म्हणजे सुटका. चावा तिथेच.

म्हणजे तुमच्याकडे झाकायला आधी शिकतात, आमच्याकडे नाव द्यायला आधी शिकतात. कळणं दोन्हीकडे राहूनच जातं की काय?

वाकडी_वेलांटी

पिवळा चेहरा, वा! यावरही काम झालंय. आपण समजतो की लहान मुलं चेहरा बघून भावना ओळखतात आणि शब्द नंतर येतात. प्रत्यक्षात लहान मुलांकडे आधी दोनच टोपल्या असतात, बरं आणि वाईट. 'वाईट' टोपलीतून राग आणि दुःख आधी वेगळे होतात, भीती त्यामागून, किळस तर फार उशिरा. आणि भीती किंवा किळस यांसारख्या भावना मुलांना चित्रातल्या चेहऱ्यावरून ओळखायला अवघड जातात, पण 'असं असं घडलं, मग त्याला कसं वाटलं?' अशा गोष्टीतून जास्त सहज ओळखता येतात. कारण भावना म्हणजे नुसता चेहरा नाही. आधी काय घडलं, मग काय करावंसं वाटलं, हे सगळं त्यात आलं.

म्हणून माझ्या मते तक्त्यापेक्षा चिऊ-काऊची गोष्ट बरी. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पावसात काऊचं घर वाहून गेलं. तो दार ठोठावतोय आणि चिऊताई म्हणतेय, थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालू दे, थांब, तीट लावू दे. अडीच-तीन वर्षांचं मूल 'थांब' आलं की खिदळतं, त्याला पुन्हा पुन्हा येणारी ओळ आवडते. पाच-सहाचं मूल अस्वस्थ होतं आणि विचारतं, ती दार का उघडत नाही? भिजला ना तो! आठव्या-नवव्या वर्षी एखादं मूल म्हणतं, तिलाही भीती वाटत असेल, एकटी आहे बाळाला घेऊन. गोष्ट तीच. आपण तात्पर्य सांगायची घाई केली नाही तर मूल कुठवर आलंय ते तिथे आपोआप दिसतं.

आकडेमोड

मजा येतेय, पण थोडं पाणी ओततो. काचेच्या टेबलाचा प्रयोग 19 आणि 17 बाळांवर. ब्रोकोलीवाली मुलं जास्त होती, तरी एका विद्यापीठाच्या आसपासची. या क्षेत्रात छोट्या नमुन्यावरून मोठी वाक्यं करायची सवय आहे. नवजात बाळ जीभ बाहेर काढलेली बघून जीभ काढतं, हा 1977 चा प्रसिद्ध निष्कर्ष पुस्तकापुस्तकांतून फिरला. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियात 100 हून अधिक बाळांना अनेक आठवडे तपासलं तेव्हा तसं अनुकरण दिसलं नाही. वाद अजून चालू आहे.

तुमचा मुख्य मुद्दा दोन अभ्यासांच्या मधल्या फटीत उभा आहे, एक भारत-इंग्लंडचा आणि एक अमेरिकेचा. भारतीय मुली लपवणं लवकर ओळखतात, मान्य. पण त्यांना स्वतःची भावना उशिरा कळते हे कुठे दाखवलंय? उलट लपवणं ओळखायचं तर 'आतलं' आणि 'बाहेरचं' वेगळं आहे हे कळावंच लागतं. मग तुमच्याच पुराव्यावरून त्या पुढे असायला हव्यात.

एका_मुलाचा_बाबा

मला या 'अमुक वयाला अमुक' जिन्याचाच त्रास होतो. माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, वय अकरा. 1985 मध्ये एक प्रयोग झाला, बाहुली टोपलीत गोटी ठेवून जाते, दुसरी बाहुली ती डब्यात हलवते, पहिली परत आल्यावर कुठे शोधेल? उत्तर 'टोपलीत', कारण हलवताना तिने पाहिलेलंच नाही. त्यात बरीच स्वमग्न मुलं 'डब्यात' म्हणाली. तिथून निघालेली 'यांना दुसऱ्यांच्या भावना कळत नाहीत' ही समजूत आजही आमच्या वाट्याला येते, नातेवाइकांकडून आणि कधी कधी शाळेतूनही. त्या प्रयोगाने दुसऱ्याच्या डोक्यातली चुकीची कल्पना ओळखता येते का एवढंच तपासलं होतं, माया नव्हे.

माझ्या मुलाला घरातला ताण माझ्याआधी कळतो. आवाज न चढवता आम्ही दोघं भांडत असलो तरी तो कानावर हात ठेवून खोलीत येरझाऱ्या घालतो. त्याला जाणवतं सगळं, त्याचा अर्थ लावणं आणि तो आम्हाला समजेल असा दाखवणं अवघड जातं. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही त्याचा चेहरा वाचता येत नाही. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये हेच मांडलं की अडचण दोन्ही बाजूंनी आहे. त्याचे इशारे आम्ही शिकलो तेव्हापासून घर शांत आहे. डोळ्यात बघ, हस, नमस्कार कर, हा सराव त्याला तासन्‌तास करायला लावणारे वर्ग आम्ही बंद केले. तिथून तो इतका थकून यायचा की जेवायचाही नाही.

वाकडी_वेलांटी

बाबा, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. वयं ही सरासरी आहेत, परीक्षा नव्हे, आणि स्वमग्न मुलांच्या बाबतीत तर तीही धरू नयेत. तो थकवा मला माझ्या मुद्द्याच्या अगदी जवळचा वाटतो. चेहरा सांभाळण्यात सगळी शक्ती गेली की आत काय चाललंय ते बघायला काय उरणार?

आकडेमोड, प्रश्न चोख. गोष्टीतल्या मुलीचं आतलं-बाहेरचं ओळखणं आणि स्वतःचं ओळखणं यात मला अंतर दिसतं. 1986 च्या मुलींना दुसरी गोष्टच तर जमत नव्हती. भारतीय मुलींच्या बाबतीत ते अंतर मोजलेलं माझ्या हातात नाही, म्हणून तो माझा अंदाज, आणि मी त्याला चिकटून आहे. ते अंतर कशाने भरतं याबद्दल मात्र एक चांगला धागा आहे. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ जूडी डन आणि सहकाऱ्यांनी घरातली बोलणी नोंदवली. ज्या घरांत तीन वर्षांच्या मुलांशी भावनांविषयी जास्त बोलणं व्हायचं, ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर दुसऱ्याच्या भावना ओळखण्यात पुढे होती (हा निष्कर्ष 1991 चा). आणि हे बोलणं म्हणजे तक्ता नव्हे. 'दादा चिडला कारण तू त्याचा मनोरा पाडलास' इतकंच. त्यात 'कारण' महत्त्वाचं.

अंगणातली_ताई

मी अंगणवाडी सेविका, बीड जिल्ह्यात. तुमच्यासारखं लिहिता येत नाही, पण जे बघते ते सांगते.

दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. काही लेकरं आजीकडे राहतात, काही बरोबर जातात. सात-आठ वर्षांची पोरगी कडेवर भाऊ घेऊन येते. त्या पोरीला भाऊ भुकेने रडतो की झोपेने हे त्याच्या आईपेक्षा आधी कळतं. दुसऱ्याच्या भावना कळणं म्हणता ना, तिच्याइतकं कोणाला कळत नसेल. पण तिला विचारा, तुला काय वाटतंय गं? म्हणते, 'काय नाय.' खरंच काय नाय असं वाटावं इतकं सरळ म्हणते.

मग मी विचारत नाही. भातुकली मांडून देते. तिथे सगळं निघतं. आई निघाली कोयता घेऊन, लेकरू मागं पळतंय, आई म्हणते मागं फिर नाहीतर मारीन. एक पोरगी रोज आई व्हायची आणि रोज बाहुलीला मागे ठेवून जायची. मी काही बोलले नाही. नंतर एक दिवस बाहुलीला बरोबर घेऊन निघाली. तेव्हा पण काही बोलले नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच सुरू केलं होतं, पोरं जिथं आहेत तिथं अंगणात जायचं. आम्हाला प्रशिक्षणात त्यांचं नाव सांगतात. नोंदवह्या भरण्यातून वेळ मिळाला तर तसं करता येतं.

आकडेमोड

ताई, तुम्हाला लिहिता येत नाही म्हणता! 'काय नाय' वाचून माझ्या मागच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं.

तिरकस_तात्या

मान्य, हा धागा बरा निघाला. दादरच्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर: पाचांपैकी दोन.

आता कामाचा प्रश्न. नात अडीच वर्षांची. काल लिफ्टचं बटण मी दाबलं म्हणून मजल्यावर लोळून किंचाळली. लिफ्ट पुन्हा खाली नेली, तिला दाबू दिलं, तरी किंचाळतेच. अशा वेळी 'तुला राग आलाय का' विचारायचं की काय? विचारलं तर अजून जोरात.

बालवैद्य

विचारू नका. थयथयाटात राग सुरुवातीलाच शिगेला जातो आणि ओसरतो, रडणं-दुःख मात्र सगळ्या वेळात मुरलेलं असतं. या वयातल्या थयथयाटांचा 2003 मध्ये आई-वडिलांच्या नोंदींवरून अभ्यास झाला होता, त्यात 75 टक्के पाच मिनिटांत किंवा त्याआधी संपले होते. रागाच्या भरात प्रश्न, पर्याय, समजूत यातलं काहीच आत पोचत नाही, उलट तेल पडतं. लागणार नाही एवढं बघा, जवळ बसा, तोंड बंद ठेवा. मूल स्वतः जवळ यायला लागलं की घ्या. बोलायचं ते संध्याकाळी: 'सकाळी तुला बटण दाबायचं होतं, मी दाबलं, म्हणून तू चिडलीस.' एवढंच. अडीच वर्षांच्या मुलीला तिचीच गोष्ट ऐकायला फार आवडते.

पाच वर्षांनंतरही रोज होत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा अर्धा-अर्धा तास चालत असेल तर दाखवून घ्या.

दादरची_आजी

तोंड बंद ठेवा हे तात्यांना जमलं तर मला कळवा.

रारीटन_काठी

काल रात्री चिऊ-काऊ सांगितली, व्हिडिओ कॉलवर आजीही होती. सहा वर्षांच्या मोठ्याला विचारलं, शेवटी चिऊने दार उघडलं तेव्हा काऊला कसं वाटलं असेल? तो म्हणाला, 'तो थँक यू म्हणाला असेल, पण आतून मॅड असेल. कारण त्याला बाहेर जायचं नाहीये ना परत.'

मी आणि आजी एकमेकींकडे बघतच राहिलो.

आकडेमोड

नमुना एक. तरी कारणासकट आलंय. आणि धाकटी काय म्हणाली?

रारीटन_काठी

धाकटी म्हणाली, परत सांग, 'थांब'पासून.